दुकानांच्या वर राहणार कोण?

पुण्यातल्या इंजिन कारखानदारीत ‘कोलंबस’ म्हटलं की इंडियाना राज्यातलं जेमतेम ५० हजार वस्तीचं शहर डोळ्यांसमोर येतं. ओहायोतलं मोठं कोलंबस नंतर. कमिन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी १९१९ मध्ये या गावात सुरू झाली आणि तिचं मुख्य कार्यालय आजही तिथेच आहे. १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत ती पुण्यात आली. तेव्हापासून कोथरूड आणि कोलंबस यांच्यात माणसांची ये-जा सुरू आहे. कर्वेनगरातलं मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालयही याच कंपनीचं नाव लावतं. दोन-तीन वर्षांच्या कामावर निघालेल्या जोडप्याची गाठ तिकडे राहून आलेल्या सहकाऱ्याशी पडली की बोलणं लगेच घरावर येतं. ‘डाउनटाउनला बघताय की बाहेर?’ बाहेर म्हणजे मोठ्या रस्त्यांकडच्या संकुलांत. तिथे भाडं कमी, पण गाडीवाचून पान हलत नाही. डाउनटाउनला भाडं जास्त, पण ग्रंथालय, कॉफी, नदीकाठची बाग सगळं पायी.

हा पर्याय समोर असणं हीच मोठी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या बहुतेक छोट्या शहरांत विसाव्या शतकाच्या शेवटी डाउनटाउनला भाड्याने राहायला जावं असं काही उरलेलं नव्हतं. तिथे आता चांगली घरं आहेत आणि त्यांना मागणीही आहे. अडचण वेगळी आहे. या घरांसाठी शहरांनी सार्वजनिक पैसा ओतला, पण घरं मिळतात ती पगाराच्या वरच्या पट्टीतल्या माणसांना. त्याच इमारतीखाली कॉफी देणारी मुलगी रोज कुठून तरी लांबून येते. लोकांच्या पैशाचा हात लागलेल्या इमारतीत त्या मुलीसाठीही काही घरं राखलीच पाहिजेत, आणि ही अट करारात आधीच लिहिली गेली पाहिजे.

आधी हे शहर समजून घ्यायला हवं. इंडियानापोलिसपासून दक्षिणेला तासाभराच्या आत असलेलं कोलंबस हे वास्तुकलेच्या अभ्यासकांचं तीर्थक्षेत्र आहे. १९४२ मध्ये एलिएल सारिनेन यांनी इथे आधुनिक शैलीतलं चर्च बांधलं. पुढे कमिन्सचे प्रमुख जे. आयर्विन मिलर यांनी एक योजना आणली: शाळा किंवा अग्निशमन केंद्रासारखी सार्वजनिक इमारत बांधताना शहराने चांगला वास्तुविशारद नेमावा, त्याची फी कंपनीचं प्रतिष्ठान भरेल. त्यामुळे एवढ्याशा गावात ईरो सारिनेन यांची बँक, आय. एम. पेई यांचं १९६९ चं ग्रंथालय आणि त्यासमोर हेन्री मूर यांची प्रचंड कमान असं सगळं चार-सहा चौकांच्या परिसरात सापडतं. वॉशिंग्टन स्ट्रीट ही इथली मुख्य बाजारपेठ. १९६० च्या दशकात अलेक्झांडर गिरार्ड यांनी तिथल्या दुकानांच्या दर्शनी भागांची रंगयोजना करून दिली होती.

एवढं करूनही बाजारपेठ ओस पडायची थांबली नाही. शहराच्या पश्चिमेकडून ६५ क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग गेला, मोटारी वाढल्या, घरं बाहेर सरकली. ग्राहक मॉलकडे वळतोय हे दिसल्यावर १९७३ मध्ये डाउनटाउनमध्येच सीझर पेली यांच्या आराखड्यानुसार ‘द कॉमन्स’ हे बंदिस्त सभागृह आणि त्याला जोडून खरेदी-संकुल उभं राहिलं. मॉलशी मॉलनेच लढण्याचा तो प्रयत्न. १९९० मध्ये ट्वेंटी-फिफ्थ स्ट्रीटवर खराखुरा मोठा मॉल आला आणि लढाई फिरली. मग मॉलचाही काळ सरला. २०१८ मध्ये शहर आणि स्थानिक रुग्णालय यांनी मिळून तोच मॉल विकत घेतला आणि तिथे आरोग्य व क्रीडा केंद्राची आखणी केली. ज्या जागेने बाजारपेठेचं गिऱ्हाईक पळवलं, ती सावरायलाही शेवटी लोकांचाच पैसा लागला.

कोलंबसचं नशीब एका बाबतीत थोर. कमिन्सने आपलं मुख्य कार्यालय महामार्गाकाठी नेलं नाही. १९८० च्या दशकात केव्हिन रोश यांनी बांधलेली ती बसकी, लांबच लांब इमारत डाउनटाउनमध्येच आहे, आणि एकोणिसाव्या शतकातली विटांची गिरणी तिने आपल्या कुशीत जपली आहे. त्यामुळे दिवसा रस्त्यावर माणसं होती. संध्याकाळी पाच-साडेपाच वाजले की मात्र सगळे गाडीत बसून घरी. कार्यालयांच्या जोरावर बाजारपेठेची दुपार चालते. रात्रीचं जेवण, रविवारची सकाळ, औषधाचं दुकान, केशकर्तनालय या गोष्टी तिथे झोपणारी माणसं असतील तरच टिकतात. हे उशिरा उमगलं. २००९ मध्ये १९०० सालचं झाहाराकोस हे आइस्क्रीम पार्लर दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं, २०११ मध्ये नवं ‘कॉमन्स’ आलं, आणि त्याच दशकात वाहनतळांच्या शेजारी भाड्याच्या घरांची मोठी संकुलं उभी राहू लागली.

इथे एक प्रश्न कोणालाही पडेल. वॉशिंग्टन स्ट्रीटवर दोन-तीन मजली जुन्या इमारतींची रांग आहे. वरचे मजले रिकामे किंवा अडगळीचे असताना नवी संकुलं कशाला? कारण या जुन्या मजल्यांत घर करणं फार अवघड आहे. रस्त्यावरून वर जायला एकच अरुंद जिना. घर म्हणून परवाना हवा तर बाहेर पडायला बऱ्याचदा दुसरी वाट, पाण्याचे फवारे, भिंतींना आगरोधक थर, नवं वायरिंग, नळजोडणी, तापवण्याची यंत्रणा. इमारत २० फूट रुंद आणि १०० फूट खोल असेल तर खिडक्या फक्त पुढे आणि मागे. मधल्या खोल्यांना उजेडच नाही. दोन-तीन घरांच्या भाड्यातून हा खर्च निघत नाही. मालकाला खालच्या दुकानाचं भाडं पुरतं, तो वरच्या मजल्याला कुलूप घालून मोकळा होतो. डिसेंबर २०२२ मध्ये डाउनटाउनमधली आयर्विन ब्लॉक ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची देखणी इमारत आगीत गेली. जुन्या इमारती वापरात आणि दुरुस्तीत ठेवायला पैसा लागतो. आणि अशी इमारत एकदा गेली की परत येत नाही, हे शहराने तेव्हा पाहिलं.

हे गणित बदलायला केंद्र सरकारची करसवलत आहे. नोंदणीकृत ऐतिहासिक इमारतीची शास्त्रशुद्ध दुरुस्ती केली की खर्चाच्या २० टक्के रक्कम मालकाला करातून वजा मिळते. सवलतीची एक अट महत्त्वाची: इमारत उत्पन्न देणारी असली पाहिजे. स्वतः राहायच्या घराला ही सवलत नाही. म्हणून अमेरिकेतल्या छोट्या शहरांत जुन्या गिरण्या, गोदामं, हॉटेलं यांतून जी देखणी घरं झाली, ती मोठ्या प्रमाणावर भाड्याची आहेत. विटांची उघडी भिंत आणि उंच छत असलेलं ते घर आवडलं म्हणून विकत घ्यायला गेलं तर ते विक्रीलाच नसतं. डाउनटाउनचं पुनरुज्जीवन पुष्कळ अंशी भाडेकरूंच्या जिवावर उभं आहे. भाडेकरू म्हणजे आज आहे, उद्या नाही, असं मानणाऱ्या नगरसेवकांनी हे नीट लक्षात घ्यायला हवं.

कोलंबसहून तासा-सव्वातासाच्या अंतरावर ओहायो नदीकाठी मॅडिसन नावाचं गाव आहे. १९७७ मध्ये राष्ट्रीय वारसा-जतन संस्थेने छोट्या गावांच्या बाजारपेठा सावरण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा निवडलेल्या तीन गावांत मॅडिसन एक होतं. त्यातून निघालेली ‘मेन स्ट्रीट’ चळवळ आज देशभर आहे. दुकानाची पाटी कशी असावी, दर्शनी भाग कसा सावरावा, उत्सव कसे भरवावेत, हे तिने गावोगावच्या व्यापाऱ्यांना शिकवलं. तिचं ऋण मोठं आहे. पण पाट्या आणि उत्सवांनी रस्ता जागा होतो तो शनिवारी. मंगळवारी रात्री नऊ वाजता तिथे उजेड हवा असेल तर वर कोणीतरी राहायला हवं.

आता त्या पुण्याच्या जोडप्याकडे येऊ, कारण भाड्याने घर घेणं म्हणजे काय ते त्यांच्या अर्जातच दिसतं. अर्ज भरण्याचीच फी असते. मग बहुतेक ठिकाणी पहिली अट: महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं. दुसरी: क्रेडिट स्कोअर. पुण्यात गृहकर्जाचा एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाची अमेरिकेत पहिल्या दिवशी पत शून्य, कारण इकडची नोंद तिकडे चालत नाही. मग कंपनीचं पत्र जोडायचं किंवा जास्त डिपॉझिट भरायचं. करार एक वर्षाचा. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय असलेल्यांना तो ओळखीचा वाटतो आणि तिथेच फसायला होतं. प्रोजेक्ट अचानक संपला, परत बोलावणं आलं तर करार मोडल्याबद्दल अनेकदा दोन महिन्यांचं भाडं जातं. पुढच्या वर्षी राहायचं नसेल तर बऱ्याच ठिकाणी ६० दिवस आधी लेखी कळवायचं, नाहीतर करार आपोआप पुढे सरकतो. गाडीच्या जागेचे पैसे वेगळे, कुत्र्या-मांजराचे वेगळे, भाडेकरूचा विमा सक्तीचा. इंडियानाच्या कायद्याने घर सोडल्यावर ४५ दिवसांच्या आत डिपॉझिट परत करायचं किंवा कापलेल्या रकमेचा हिशेब लेखी द्यायचा असतो, पण त्यासाठी भाडेकरूने आपला पुढचा पत्ता लेखी कळवलेला असावा लागतो. भारतात परत निघालेली माणसं घाईत हेच विसरतात.

घरात शिरल्यावर वेगळेच धडे. या नव्या संकुलांची बांधणी साधारण ठरलेली: खाली काँक्रीटचा मजला, वर लाकडी सांगाड्याचे चार मजले. सकाळी सात वाजता ओट्यावर खलबत्त्यात आलं-लसूण ठेचलं की खालच्या घरातला माणूस जागा होतो. फोडणीची कथा तर घरोघरची. चुलीवरचा पंखा पुष्कळ घरांत धूर बाहेर टाकतच नाही. जाळीतून गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो. मोहरी तडतडते, सुक्या मिरचीचा ठसका उठतो आणि छताला लावलेला धुराचा भोंगा ओरडू लागतो. त्याखाली उभं राहून टॉवेल हलवणं हा तिथल्या मराठी घरातला रोजचा व्यायाम. खिडकी उघडावी तर जानेवारीत बाहेर शून्याखाली. जुने रहिवासी नव्यांना एक सल्ला हमखास देतात: घर बघायला जाल तेव्हा चुलीवरच्या पंख्यापुढे कागदाचा तुकडा धरा, आणि हवा कुठे जाते ते आधी विचारा.

तरीही डाउनटाउनचं घर घ्यावं. त्याचं सगळ्यात मोठं कारण सहा महिन्यांसाठी येणारे आई-बाबा. उपनगरातल्या संकुलात ते अडकून पडतात. रस्त्याला पदपथ नाही, गाडी चालवता येत नाही, मुलगा-सून कामावर. दिवसभर खिडकी आणि फोन. डाउनटाउनमध्ये तेच बाबा सकाळी फिफ्थ स्ट्रीटने चालत नदीकाठच्या मिल रेस पार्कला जाऊन येतात, दुपारी ग्रंथालयात वर्तमानपत्रं चाळतात. आजी थंडीत नातवाला ‘कॉमन्स’मधल्या बंदिस्त खेळघरात नेते. उन्हाळ्यातल्या शनिवारी शेतकऱ्यांच्या बाजारात ताज्या मक्याची कणसं आणि काकड्या पाहून शेतकऱ्याशी तोडक्यामोडक्या इंग्रजीत भावाच्या गप्पा होतात. ज्यांनी आयुष्यभर नारायण पेठेत किंवा सांगलीच्या गावभागात कोपऱ्यावरून दूध आणलं, त्यांना हे शहर शहरासारखं वाटतं. पायी चालता येईल असं घर ही म्हातारपणाची आणि लहानपणाची गरज आहे. तरुण नोकरदारांची हौस म्हणून तिची बोळवण करणं चूक आहे.

आणि नेमकी हीच गरज ज्यांना गाडी परवडत नाही त्यांचीही आहे. हिशेब करून पाहावा. इंडियानात कायद्याने किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, तेही २००९ पासून जिथल्या तिथे. आठवड्याला ४० तास राबून वर्षाचे १५,०८० डॉलर होतात. तिपटीच्या अटीने अशा माणसाला महिन्याला जास्तीत जास्त ४१९ डॉलर भाड्याचं घर मिळेल. इतक्या कमी पगारावर आज फार लोक काम करत नाहीत, म्हणून तासाला १५ डॉलर धरू. तरी आकडा ८६७ डॉलरवर थांबतो. डाउनटाउनच्या नव्या इमारतीत एका बेडरूमच्या घराचं भाडं हजार डॉलरच्या वर असतं. म्हणजे स्वयंपाकी, ग्रंथालयातली मदतनीस, हॉटेलात चादरी बदलणारी बाई हे सगळे अर्जाच्या पहिल्याच ओळीत बाद. हे दुखणं एकट्या कोलंबसचं नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या गृहनिर्माण केंद्राच्या हिशेबाप्रमाणे २०२२ मध्ये अमेरिकेतली २ कोटी २४ लाख भाडेकरू कुटुंबं, म्हणजे सगळ्या भाडेकरूंपैकी निम्मी, उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त रक्कम घरावर खर्च करत होती.

इंडियानाचा कायदा भाडेकरूच्या बाजूला फारसा उभा राहत नाही. खासगी घरांची भाडी नियंत्रित करायला शहरांना राज्याची मनाई आहे. २०२० मध्ये विधिमंडळाने आणखी पुढे जाऊन घरमालक-भाडेकरू संबंधांत शहरांनी आपले नियम करू नयेत असा कायदा केला. राज्यपाल एरिक होलकॉम्ब यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये विधिमंडळाने तो उलथवला. करही पाहण्यासारखा आहे. राज्यघटनेने मालमत्ता कराला कमाल मर्यादा घातल्या आहेत: मालक स्वतः राहतो त्या घराला किमतीच्या १ टक्का, भाड्याच्या घराला २ टक्के. बिल मालकाच्या नावे येतं, पण पैसे भाड्यातूनच निघतात. आपल्या घरावर शेजारच्या बंगल्याच्या दुप्पट दराने कर बसू शकतो, हे भाडेकरूला कोणी सांगत नाही. तो शहराला काही देत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

महाराष्ट्रातला वाचक इथे थबकेल आणि त्याचं थबकणं रास्त आहे. भाडी गोठवली की काय होतं ते आपण पुरेपूर पाहिलं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिलं, पण दहा-वीस रुपये भाड्यात मालकाने वाड्याचं छप्पर शाकारायचं कशातून? पुण्याच्या पेठांतले वाडे गळत राहिले, पडले, त्यांच्या जागी इमारती आल्या. १९९९ चा कायदा येईपर्यंत दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. कोलंबसने तसं काही करावं असं कोणी म्हणत नाही. सरसकट सगळ्या घरांचं भाडं बांधणं आणि ज्या इमारतीत शहराने स्वतः पैसा घातला तिथल्या काही घरांचं भाडं करारात ठरवणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

शहराचा पैसा या इमारतींत कसा जातो, ते पाहिलं की मुद्दा स्पष्ट होतो. शहराचा पुनर्विकास आयोग एक पट्टा आखतो. तिथे नवं बांधकाम झाल्यामुळे जो मालमत्ता कर वाढतो, ती वाढ एरवीच्या वाटपात न घालता त्याच पट्ट्याच्या विकासाला राखून ठेवली जाते. त्यातून वाहनतळ बांधले जातात, रस्ते-पदपथ होतात, विकासकाला मदत दिली जाते. जमीनही बऱ्याचदा शहराचीच असते. वाहनतळ बांधून देणं ही मदत वाटते त्याहून फार मोठी आहे. संकुलाच्या खर्चातला एक जाडजूड भाग तिने उचलला जातो. तेव्हा विकासक स्वखुशीने शहराच्या टेबलाशी येऊन सही करतो त्या क्षणी शहराने काही मागायला हवं. दहा घरांतली दोन घरं, डाउनटाउनमध्येच काम करणाऱ्या मध्यम आणि कमी पगाराच्या माणसांसाठी, उत्पन्नाला धरून भाडं. त्यांची मुदतही दीर्घ हवी. १९८६ पासून चालत आलेल्या कमी उत्पन्न गटाच्या केंद्रीय गृहनिर्माण करसवलतीत घरं साधारण ३० वर्षं परवडणारी ठेवण्याची अट असते. ती मुदत शहरालाही उचलता येईल.

विकासकांचं उत्तर ठरलेलं आहे: नवी घरं बांधा, वरच्या पगाराचे लोक तिकडे जातील, जुनी घरं मोकळी होतील, बाजार आपोआप सावरेल. यात तथ्य आहे. घरं कमी पडत असताना बांधकाम अडवणाऱ्यांनी भाडेकरूंचं नुकसानच केलं आहे. पण एका मोठ्या कंपनीच्या छोट्या शहरात नव्या घरात येणारा माणूस पुष्कळदा त्याच शहरातलं जुनं घर रिकामं करून आलेला नसतो. तो पुण्याहून, चेन्नईहून, शिकागोहून आलेला असतो, आणि त्याच्या भाड्यामागे कंपनीचा पगार उभा असतो. मागणी बाहेरून येत राहिली की जुनी घरं स्वस्त होण्याची वाट पाहणं लांबतं. अर्कान्सातल्या बेंटनव्हिलमध्ये काय झालं ते समोर आहे. वॉलमार्टचं हे गाव. २०११ मध्ये तिथे क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय आलं, मधला चौक सजला, जानेवारी २०२५ मध्ये कंपनीचं नवं विस्तीर्ण आवार खुलं झालं. गाव सुंदर झालं, आणि घरांच्या किमती अशा चढल्या की साध्या पगाराची माणसं आसपासच्या गावांत सरकली.

कोलंबसच्याही पोटात असा एक इतिहास आहे. आजी-आजोबा सकाळी जिथे फिरतात तो मिल रेस पार्क म्हणजे पूर्वी पुराच्या पाण्याखाली जाणारा सखल भाग. तिथे गरिबांच्या झोपड्या होत्या. गावात त्याला ‘डेथ व्हॅली’ म्हणत. वस्ती हलली, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल व्हॅन व्हॉल्कनबर्ग यांनी आखलेली सुरेख बाग झाली. पूररेषेतली वस्ती हलवणं योग्यच होतं. पण डाउनटाउनच्या उंबरठ्यावर एकेकाळी गरीब माणूस राहत होता, आणि भाग सुधारला तेव्हा त्याच्यासाठी तिथे जागा उरली नाही, याचा विसर पडू नये.

दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलने निदान या बाजूने पाऊल टाकलं. हिटलरच्या तावडीतून व्हिएन्नाहून निसटून आलेले मॅक्स हेलर १९७० च्या दशकात तिथले महापौर होते. त्यांनी मेन स्ट्रीटच्या चार मार्गिकांच्या दोन केल्या, रुंद पदपथ आणि झाडं आणली. आज तो रस्ता देशभरात उदाहरण म्हणून दाखवला जातो, आणि भाडीही तशीच चढली आहेत. २०२२ मध्ये डाउनटाउनजवळ, पूर्वापार कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या भागात युनिटी पार्क ही मोठी बाग खुली झाली, तेव्हा शहराने तिच्या लगतची आपली काही जमीन परवडणाऱ्या घरांसाठी राखली. बाग झाली की आसपासची जमीन महागणार हे आधीच ओळखून केलेली ती तजवीज. आधी जमीन राखायची आणि मग सुशोभीकरण करायचं, हा क्रम कोलंबसने ग्रीनव्हिलकडून जरूर घ्यावा. उलट क्रमाने गेलं तर जमीन हातात राहत नाही.

यात पुण्याहून गेलेल्या भाडेकरूचंही काम आहे. व्हिसावर आलेल्या माणसाला मत नाही, दोन-तीन वर्षांत निघायचं आहे, मग गावच्या भानगडीत कशाला पडा, असा सूर मराठी मंडळींत ऐकू येतो. तो सोडायला हवा. पुनर्विकास आयोगाच्या आणि नगर परिषदेच्या बैठका राज्याच्या कायद्याने सर्वांना खुल्या असतात. तिथे जाऊन बसायला नागरिकत्व लागत नाही. वर राहणाऱ्या अभियंत्याने तिथे उभं राहून सांगावं की आमच्या इमारतीत खालच्या खानावळीत काम करणाऱ्या कुटुंबालाही घर हवं, तर त्या बोलण्याला वजन येतं. दिवाळीला ‘कॉमन्स’सारख्या सभागृहात जमणाऱ्या समाजाने वर्षातून एक संध्याकाळ या बैठकीला द्यायला हरकत नाही. चुलीवरच्या पंख्याची हवा बाहेर जावी, ही अटही त्याच बैठकीत मांडता येईल.

शहराच्या जमिनीवर किंवा शहराच्या पैशाने उभं राहणारं पुढचं भाड्याचं संकुल आयोगासमोर येईल, तेव्हा करारात चार गोष्टी आकड्यांनिशी लिहिलेल्या हव्यात: परवडणारी घरं किती, कोणत्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी, भाडं किती आणि किती वर्षांसाठी. कमिन्सने आपल्या प्रतिष्ठानातून वास्तुविशारदांची फी भरून या गावाच्या शाळा घडवल्या. तीच कंपनी आणि शहर मिळून वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या कुलूपबंद वरच्या मजल्यांसाठी असाच एक निधी उभारू शकतात: मालकाला दुसरा जिना आणि पाण्याचे फवारे बसवायला मदत, आणि त्या बदल्यात बाजारपेठेतल्या नोकरदारांना ठरलेल्या भाड्याने घरं.